नळीचं टोक कुठे आहे?

खांद्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला गेलेले नातेवाईक आधी पट्टीकडे बघतात. तीन-चार बारीक छेद, प्रत्येकावर एखाद-दुसरा टाका, हात झोळीत. ‘एवढंच होय!’ असं कुणीतरी म्हणतंच. पोटाचं ऑपरेशन मोठं, हृदयाचं त्याहून मोठं आणि खांद्याचं किरकोळ, अशी आपली एक उतरंड ठरलेली असते. दुखण्याला ती मान्य नाही. ऑपरेशननंतर सर्वांत जास्त कोण कळवळतं असं रिकव्हरीतल्या अनुभवी सिस्टरला विचारा. छाती उघडलेली माणसं, गुडघा बदललेली माणसं आणि त्यांच्या बरोबरीनं खांदेवाली माणसं, असंच उत्तर येईल.

याला कारणं आहेत. छेद लहान असला तरी आतलं काम मोठं असतं. फाटलेली कंडरा पुन्हा हाडाला शिवायची तर हाडात भोक पाडून त्यात अँकर बसवावे लागतात, म्हणजे दोरे ओवलेल्या बारीक खुंट्या. हाडावरचं आवरण नसांनी गच्च भरलेलं. सांध्याभोवतीची पिशवी, रोटेटर कफचे चार स्नायू, घासून सपाट केलेलं वरचं हाड, नीट दिसावं म्हणून तासभर आत खेळवलेलं सलाईनचं पाणी आणि त्यानं फुगलेलं मांस, सगळ्यांची तक्रार एकदम सुरू होते. त्यात खांद्याला प्लास्टर घालून गप्प बसवता येत नाही. खोकला आला, कूस बदलली, चादर ओढली की तो हलतो. आडवं झालं की जास्त ठणकतो, म्हणून पाठीला दोन-तीन उशा लावून अर्धं बसूनच झोपावं लागतं. पहिले दोन दिवस कठीण जातात, तिसऱ्या दिवसापासून बहुतेकांना उतार पडायला लागतो. हे पुस्तक त्याच दोन-तीन दिवसांबद्दल आहे.

लेखिका भूलतज्ज्ञ आहेत आणि खांद्याच्या शस्त्रक्रियांसाठी भूल देण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली आहेत. मीही त्याच धंद्यातला. त्यामुळे ही प्रस्तावना शेजारधर्मानं लिहिलेली समजावी. कौतुक आहेच, पण एका ठिकाणी माझं त्यांच्याशी पटत नाही, तेही पुढे सांगणार आहे.

उपाय ऐकायला सोपा आहे. खांद्याकडून मेंदूकडे कळा नेणाऱ्या नसा मानेच्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या थोड्या वर, दोन स्नायूंच्या फटीतून एकत्र खाली येतात. तिथे जेमतेम मिलिमीटरभर जाडीची नळी ठेवायची आणि तिच्यातून बधिर करणारं औषध थेंबाथेंबानं दोन-तीन दिवस सोडत राहायचं. माणूस जागा राहतो, जेवतो, गप्पा मारतो. मॉर्फिनच्या जातीच्या औषधांनी येणारी गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठता बरीचशी टळते.

इथवर पोचायला शंभरावर वर्षं लागली. १८८४ साली व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरनं कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर होतो हे दाखवलं. हायडलबर्गच्या परिषदेला जायला त्याच्याकडे पैसे नव्हते, त्याचा निबंध दुसऱ्याच डॉक्टरनं वाचला. पुढच्या वर्षभरातच न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड या शल्यचिकित्सकानं हातात जाणाऱ्या नसा चिरून उघड्या केल्या आणि त्यांच्यावरच कोकेन टोचून पाहिलं. प्रयोग तो आणि त्याचे साथीदार स्वतःवरही करत होते. त्यातून हॉल्स्टेडला कोकेनचं व्यसन जडलं, ते सोडवताना मॉर्फिनचं लागलं आणि ते अखेरपर्यंत सुटलं नाही. आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत ज्याचं नाव घेतात तोच हा माणूस. नस बधिर करायच्या शास्त्राचा पहिला बळी खुद्द शास्त्रज्ञच होता, हे आमच्या धंद्यातल्या तरुण मंडळींना मी आवर्जून सांगतो.

१९११ मध्ये जर्मनीत कुलेनकाम्फनं त्वचा न चिरता, गळपट्टीच्या हाडावरून सुई घालून हात बधिर केला. पहिला प्रयोग त्यानं स्वतःवर करून घेतला होता. आपल्या विषयाचा खरा पूर्वज मात्र १९४६ सालचा. ॲन्सब्रो नावाच्या अमेरिकन डॉक्टरला लांबलेल्या ऑपरेशनांत औषधाचा अंमल पुरायचा नाही. त्यानं सुई बाहेर काढलीच नाही. बोथट सुई एका बुचातून आरपार घालून ते बूच छातीवर चिकटवलं आणि औषध सारखं देत राहिला. सुई जागची हलू नये म्हणून केलेली ती खटपट होती. आज आपण गोंद, पारदर्शक चिकटपट्टी आणि त्वचेखालून नळी ओवण्याची युक्ती वापरतो, पण डोकेदुखी तीच आहे. मान सतत हलते, घामेजते, आणि नळी चार-पाच मिलिमीटर मागे सरकली तरी पहाटे रुग्ण ओरडत उठतो.

१९७० साली शिकागोतल्या ॲलन विनी यांनी मानेतली ती दोन स्केलीन स्नायूंमधली फट नेमकी कशी शोधायची ते लिहिलं. इंटरस्केलीन ब्लॉक हे नाव तेव्हापासून रुळलं. कंठाच्या कूर्चेच्या पातळीवर बोटानं खाच चाचपायची, सुई घालायची आणि रुग्णाला विचारायचं, ‘हातात झिणझिण्या आल्या का?’ आल्या तर जागा बरोबर. मी शिकलो ते याच पद्धतीनं. पुढे विजेचा हलका धक्का देऊन दंड उडतो का ते बघायचं यंत्र आलं. १९८७ मध्ये फिनलंडमधल्या डॉक्टरांनी याच फटीत नळी ठेवून ऑपरेशननंतर औषध चालू ठेवलं आणि रक्तात ते किती साठतं तेही मोजलं. १९९० च्या दशकात व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी हाताच्या नसा शोधायला सोनोग्राफी वापरली आणि आमचं काम चाचपडण्याकडून बघण्याकडे गेलं.

वाचकानं कल्पनेत ते एकदा बघावंच. मानेवर गार जेल, त्यावर प्रोब. पडद्यावर करड्या रंगाची दाणेदार भुकटी हलते आहे. मध्याकडे धडधडणारा काळा गोल म्हणजे मानेची मोठी धमनी. प्रोब हळूहळू बाहेर सरकवला की दोन स्नायूंच्या मध्ये एकाखाली एक तीन काळे ठिपके दिसतात. आमच्या बोलीत त्याला ट्रॅफिक सिग्नल म्हणतात. पाचव्या आणि सहाव्या मानेच्या नसांची ती मुळं. सुई बाजूनं पांढऱ्या रेघेसारखी आत शिरते, थोडं औषध सुटतं आणि ठिपक्यांभोवती काळं तळं पसरतं. मग सुईतून नळी पुढे ढकलायची, सुई काढायची आणि नळीतून पुन्हा थोडं औषध सोडून ते तळं त्याच जागी वाढतंय ना हे बघायचं. ही शेवटची तपासणी बरेच जण घाईत गाळतात. लेखिकेनं तिच्यावर दोन पानं खर्च केली आहेत आणि ती दोन पानं मला पुस्तकातली सर्वांत मोलाची वाटतात.

पंपाबद्दल लोकांना उगाच धास्ती असते. घरी न्यायचा पंप बहुधा विजेवर चालत नाही, त्याला बॅटरीही नसते. पारदर्शक कवचात एक मजबूत रबरी फुगा, फुग्यात औषध. फुगा आकसायला बघतो आणि औषध बाहेर ढकलतो. किती वेगानं बाहेर पडायचं ते पुढच्या नळीतली एक अतिशय अरुंद वाट ठरवते. हिशेब साधा आहे. ०.२ टक्के रोपिव्हाकेन म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २ मिलिग्रॅम. तासाला ५ मिलिलिटर दिलं तर तासाला १० मिलिग्रॅम, आणि २५० मिलिलिटरचा फुगा ५० तास पुरतो. म्हणजे दोन रात्री आणि वर थोडं. ती अरुंद वाट असलेला तुकडा त्वचेला चिकटवलेला असतो, कारण त्याचा वेग शरीराच्या उष्णतेला धरून ठरवलेला असतो. त्याच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर औषध पातळ होऊन जोरात वाहतं, थंडीत उघडं राहिलं तर मंदावतं. फुगा सुरुवातीला आणि अगदी शेवटी जरा जोरात ढकलतो, हेही ठाऊक असावं. ‘पंप बंद पडलाय, फुगा लहानच होत नाही’ असे रात्रीचे फोन पहिल्या बारा तासांत हमखास येतात. फुगा इतक्या सावकाश आकसतो की डोळ्याला कळत नाही.

हा पंप घरी देण्याची कल्पना १९९८ साली स्वीडनमधल्या एरेब्रोच्या नरिंदर रावल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. २००३ मध्ये ब्रायन इल्फेल्ड यांनी फ्लोरिडात खांद्याच्या रुग्णांवर चाचणी घेतली. नळी सगळ्यांना, पण पंपात काहींना रोपिव्हाकेन आणि काहींना नुसतं सलाईन. कुणाच्या पंपात काय आहे ते ना रुग्णाला ठाऊक, ना डॉक्टरला. औषधवाल्यांची कळ कमी, गोळ्या कमी आणि झोपमोड कमी निघाली. झोप मोजली, याबद्दल मला त्या चाचणीचं विशेष वाटतं. कळांचे आकडे शून्य ते दहा असे कागदावर मांडता येतात, पण खांदेवाल्याला विचाराल तर तो झोपेबद्दलच बोलेल.

आता या विषयातला सर्वांत काळा अध्याय. तो टाळून पुस्तक लिहिता आलं असतं. लेखिकेनं टाळलेला नाही.

मानेत नळी ठेवायला शिकावं लागतं, भूलतज्ज्ञ लागतो, वेळ लागतो. त्यापेक्षा सर्जननं ऑपरेशन संपताना नळी सरळ सांध्यातच ठेवून दिली तर? जिथं दुखतंय तिथंच औषध. पंप तोच, फुगा तोच, औषध बहुधा ब्युपिव्हाकेन. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून ही पद्धत झपाट्यानं पसरली. रुग्ण खूश, सर्जन खूश, पंप विकणारे तर फारच खूश. मग काही महिन्यांनी काही रुग्ण परत यायला लागले. बरेचसे तरुण, खेळाडू वयाचे. खांदा आखडलेला, हलवला की करकर वाजतो, आणि एक्स-रेमध्ये दोन हाडांमधली जागाच नाहीशी झालेली. तिथली कूर्चा विरघळून गेली होती. म्हातारपणी झिजते तशी सावकाश नाही, काही महिन्यांत पूर्ण.

२००६ मध्ये कॉन्स्टन्स चू यांच्या गटानं प्रयोगशाळेत गाईगुरांच्या सांध्यातल्या कूर्चापेशी ०.५ टक्के ब्युपिव्हाकेनमध्ये ठेवल्या, अर्ध्या तासात त्या मोठ्या प्रमाणावर मेल्या. २००७ मध्ये एका सर्जनच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सांध्यात पंप लावून ॲड्रेनलिनयुक्त ब्युपिव्हाकेन दिलेल्या १९ खांद्यांपैकी १२ खांद्यांची कूर्चा गेली होती. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा ३५ प्रकरणांचा आढावा जाहीर केला. ९७ टक्के खांद्याचीच, औषध ४८ ते ७२ तास सांध्यात वाहिलेलं. दुखणं आणि आखडणं दुसऱ्या महिन्यापासूनही सुरू झालेलं, पण निदान व्हायला निम्म्या रुग्णांना साडेआठ महिन्यांहून जास्त लागले. निम्म्याहून अधिक जणांना पुन्हा ऑपरेशन, काहींना चक्क कृत्रिम सांधा. विशी-तिशीत कृत्रिम खांदा म्हणजे काय हे सांगायला नको. या वापरासाठी त्या औषधांना मुळात परवानगीच नव्हती, हेही तेव्हा उघड झालं. पुढे खटले झाले आणि औषधांच्या माहितीपत्रकांवर इशारे छापले गेले.

असं का झालं? कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. ती सांध्यातल्या पाण्यावर जगते आणि तिच्या पेशी मेल्या की परत येत नाहीत. मानेतल्या नळीतून सुटलेलं औषध आजूबाजूचं रक्त वाहून नेतं, यकृत त्याची विल्हेवाट लावतं. खांद्याच्या सांध्याची पोकळी मात्र लहान आणि बंदिस्त. तिथे औषध सांद्र राहतं आणि कूर्चा त्यात दोन-तीन दिवस बुडून राहते. एकदाच टोचलेल्या इंजेक्शनानं असं झाल्याच्या नोंदी त्या आढाव्यात नव्हत्या. विष ठरलं ते सातत्य, आणि जागा. मला या पुस्तकातून वाचकानं एकच गोष्ट उचलावी असं वाटतं ती ही. ‘पंप लावणार’ एवढं ऐकून समाधान मानू नये, नळीचं टोक कुठे राहणार ते विचारावं. मानेत नसेजवळ म्हणाले तर पुढचं बोलणं सुरू करावं. सांध्यात म्हणाले तर नको म्हणावं. सांध्याच्या वर, हाडाखालच्या फटीत ठेवणार म्हणाले तर फायदा किती होतो ते विचारावं. अनेक चाचण्यांत त्या जागेतून फारसा लाभ दिसलेला नाही, आणि कफ फाटलेला असेल तर तिथून औषध सांध्यात झिरपू शकतं.

मानेतली जागाही निर्धोक नाही. त्याच फटीच्या पुढच्या स्नायूवरून श्वासपटलाकडे जाणारी नस उतरते. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम उर्मी यांनी इंटरस्केलीन ब्लॉक दिलेल्या रुग्णांची सोनोग्राफी केली, तर तपासलेल्या प्रत्येकात त्या बाजूचं श्वासपटल लुळं पडलेलं आढळलं. फुप्फुसाची क्षमता सुमारे पाव हिश्शानं घटते. धडधाकट माणसाला ते कळतसुद्धा नाही, फार तर ‘खोल श्वास घेतला जात नाही’ असं तो म्हणतो. दम्याचा जुना रुग्ण, फार स्थूल माणूस, दुसऱ्या बाजूचं फुप्फुस आधीच खराब असलेला, यांचं मात्र तेवढ्यानं भागणारं नाही. २००८ मध्ये २० मिलिलिटरऐवजी ५ मिलिलिटर औषध देऊन पाहिलं, तेव्हा लुळेपणाचं प्रमाण शंभर टक्क्यांवरून ४५ वर आलं आणि कळ तितकीच थांबली. त्यानंतर सगळ्यांचाच हात आखडता झाला, आणि बरं झालं. अशा रुग्णांसाठी आता खांद्याच्या फऱ्यामागची सुप्रास्कॅप्युलर नस बधिर करतात. सांध्याची सुमारे ७० टक्के संवेदना तिच्यातून जाते. कळ थोडी उरते, श्वास शाबूत राहतो.

याच ब्लॉकनं पापणी उतरते, डोळ्याची बाहुली बारीक होते, आवाज घोगरा होतो. औषध उतरलं की हे सगळं जातं, पण आधी सांगितलं नाही तर घरचे लोक पक्षाघात झाला म्हणून धावपळ करतात. २००० साली अमेरिकेतल्या बेन्युमॉफ यांनी चार रुग्णांची हकिकत छापली. पूर्ण भुलीखाली असताना हा ब्लॉक दिला आणि सुई मज्जारज्जूपर्यंत गेली. चौघांचंही कायमचं नुकसान झालं. झोपलेला माणूस ‘दुखतंय’ म्हणू शकत नाही. म्हणून मोठ्या माणसाला हा ब्लॉक जागेपणी, फार तर हलकी गुंगी देऊन द्यावा, असा शिरस्ता पडला.

आणखी एक धोका औषध चुकून रक्तवाहिनीत जाण्याचा. ओठांभोवती बधिरपणा, तोंडात धातूची चव, कानात गुणगुण, मग बरळणं, झटके आणि शेवटी हृदय. ब्युपिव्हाकेन हृदयाला असं चिकटून बसतं की छाती दाबत राहिलं तरी ते सुरू होत नाही, हे १९७९ पासून बजावून सांगितलं जात होतं. इलाज सापडला तो अनपेक्षित ठिकाणी. तोंडानं खाऊ न शकणाऱ्या रुग्णांना शिरेतून पोषणासाठी देतात ते दुधासारखं पांढरं, २० टक्के स्निग्ध द्रावण. १९९८ मध्ये गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर ते यशस्वी करून दाखवलं. माणसावर त्याचा पहिला जाहीर झालेला उपयोग २००६ मधला, आणि तो रुग्ण खांद्याचाच होता. ५८ वर्षांचा गृहस्थ, कफ शिवायचा म्हणून इंटरस्केलीन ब्लॉक, आणि लगेच हृदय बंद. वीसेक मिनिटं सगळं करून झालं, हृदय-फुप्फुस यंत्राची जुळवाजुळव सुरू झाली. तेवढ्यात ते द्रावण १०० मिलिलिटर दिलं आणि हृदयानं ठेका धरला. गृहस्थ बरा होऊन घरी गेला. ब्लॉक देणाऱ्या प्रत्येक खोलीत ती पांढरी बाटली हाताशी असली पाहिजे. आपल्याकडे लहान गावांतल्या कित्येक हॉस्पिटलांत ती खालच्या मेडिकलमध्ये असते, आणि मेडिकल रात्री दहाला बंद होतं.

इथे आपल्याकडचं बोलायला हवं. अमेरिकेत हे पंप एवढे फोफावले त्यामागे ओपिऑइड गोळ्यांच्या व्यसनाची धास्ती आहे. खांद्याच्या ऑपरेशननंतर मूठभर ऑक्सिकोडोन देऊन घरी पाठवायची तिथली रीत महागात पडली. आपली अडचण उलटी. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं मॉर्फिन इतकं जखडलं की २०१४ च्या दुरुस्तीनंतरही छोट्या हॉस्पिटलांना ते बाळगणं म्हणजे कटकट वाटते. २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही त्याच कायद्याच्या कक्षेत आलं. म्हणजे रात्री दोन वाजता देण्यासारखं हाताशी उरतं पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक, आणि मूत्रपिंडं अधू असतील तर दुसरंही नाही. अशा जागी नस बधिर करण्याचं मोल अमेरिकेपेक्षा आपल्याकडेच जास्त आहे.

पण आपल्याकडे बहुतेकांना नळी मिळत नाही, एकच इंजेक्शन मिळतं. त्याचा अंमल बारा ते अठरा तास. सकाळी दहाला ऑपरेशन झालं की रात्रीपर्यंत स्वारी मजेत, भेटायला आलेल्यांना ‘काही नाही हो, अजिबात दुखत नाही’ असं सांगते, गोळी नको म्हणते. मध्यरात्र उलटली की ब्लॉक उतरतो आणि साचलेली सगळी कळ एकदम अंगावर येते. तेव्हा घेतलेल्या गोळीला लागू पडायला तास लागतो आणि तो तास विसरता येत नाही. दुखत नसतानाच, घड्याळ बघून, झोपण्यापूर्वी गोळ्या घ्यायच्या, एवढं जरी रुग्णाच्या घरी पोचलं तरी पुष्कळांची रात्र सुसह्य होईल. इंजेक्शनात डेक्सामिथासोन मिसळलं तर अंमल काही तासांनी लांबतो, ही स्वस्त युक्तीही लेखिकेनं सांगितली आहे.

माझं पटत नाही ते इथे. लेखिका रुग्णाला पंपासकट घरी पाठवायच्या बाजूच्या आहेत. परदेशातला अनुभव त्यांच्या पाठीशी आहे आणि मोठ्या शहरात, दवाखान्यापासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या, घरात फोनवर नीट बोलणारं माणूस असलेल्या कुटुंबाला ते ठीकच आहे. पण माझे रुग्ण तालुक्याच्या पलीकडून एसटीनं येतात. पट्टी ओली झाली, नळीतून पाझर लागला, हात लाकडासारखा जड वाटला, की ते घाबरतात आणि जवळच्या डॉक्टरकडे जातात. त्या डॉक्टरनं मानेतली अशी नळी कधी पाहिलेलीच नसते. तो ती उपसून टाकतो किंवा, त्याहून वाईट, सलाईनची नळी समजून तिच्यातून भलतंच काहीतरी टोचायला बघतो. नळीवर मोठ्या अक्षरांत मराठीत चिठ्ठी चिकटवावी हा लेखिकेचा उपाय चांगला आहे, पुरेसा नाही. माझ्या मते अशा रुग्णाला दोन रात्री ठेवून घ्यावं, तिसऱ्या सकाळी सिस्टरनं नळी काढावी आणि मगच घरी सोडावं. यावर लेखिका म्हणतात की दोन रात्रींच्या खाटेचं भाडं पंपाच्या किमतीहून जास्त होतं आणि विमा नसलेला माणूस मग दोन्ही नाकारतो. हेही खरं आहे. त्यांचा मुद्दा त्यांनी सातव्या प्रकरणात नीट मांडला आहे. वाचकानं तो माझ्या मुद्द्याशेजारी ठेवून आपल्या खिशाप्रमाणे आणि अंतराप्रमाणे ठरवावं.

बधिर हाताची काळजी, गरम चहाचा कप, झोळीतून निसटणारं कोपर, नळी काढताना अडली तर ओढू नये, अशा गोष्टी पुस्तकात तपशिलानं आल्या आहेत. त्या मी इथे पुन्हा सांगत नाही. सिस्टरांनी नवव्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. घरच्यांनी निदान ‘पहिली रात्र’ हे प्रकरण वाचावंच. आणि ज्याचा खांदा आहे त्यानं पुस्तक ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातच संपवावं. नंतरचे काही दिवस एका हातानं पान उलटायचं आणि त्याच हातानं पुस्तकही धरायचं, हे जमायला जरा सवय लागते.